पहिल्याच यादीत

बारावीला मला एकोणपन्नास टक्के पडले. आमच्या सांगलीत एवढ्या मार्कांवर कॉलेजच्या शिपायानंही मला आत सोडलं नसतं. पण बाबांची केंद्र सरकारची नोकरी, नुकतीच चंदीगढला बदली झालेली, आणि तिथल्या एका कॉलेजच्या पहिल्याच यादीत माझं नाव लागलं. तेही वरून बाराव्या नंबरावर.

मी नाचायचंच काय ते बाकी होतं. बाबांनी मात्र यादी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि म्हणाले, "यात काहीतरी गोम आहे."

पंजाबात तेव्हा रोज कुठेतरी गोळीबार नाहीतर बॉम्बस्फोट होत होता आणि बाबा मुळातच संशयी. बसमध्ये ते आधी सीटखाली वाकून बघत, कुणी सामान ठेवून गेलंय का म्हणून. तशी सूचनाच लिहिलेली असायची, हे खरं. पण बाबा दूधवाल्याचा कॅनही निरखून बघत. आई हसायची, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ॲडमिशनच्या खिडकीत एक वयस्कर सरदारजी क्लार्क होते. माझा फॉर्म चाळून त्यांनी विचारलं, "मायग्रेशन?"

"नहीं जी," बाबा घाईघाईनं म्हणाले, "हम भागके नहीं आए. ट्रान्सफर पे आए हैं."

मागच्या मुली फिदीफिदी हसल्या. सरहद्दीकडची घरंदारं सोडून आलेली माणसं तेव्हा शहरात होती, त्यांनाही लोक मायग्रेशनवालेच म्हणत. क्लार्कना हवं होतं ते साधं सर्टिफिकेट, एका बोर्डातून दुसरीकडे जाताना लागतं ते. त्यांनी न हसता समजावून सांगितलं. "कल चार बजे तक ले आओ जी, सीट पक्की." ते अजून पोस्टानं यायचंय, असं बाबांनी सांगितलं.

घरी आल्यावर मला चैन पडेना. आदल्याच वर्षी दादाला दिल्लीला घातलं, तेव्हा त्याचं मायग्रेशन बाबांनी स्वतः खेटे घालून मिळवलं होतं. जन्म बदल्यांत गेलेल्या माणसाला हा शब्द कळू नये? चारच्या सुमाराला ते "जरा चौकापर्यंत जाऊन येतो" म्हणून बाहेर पडले, तेव्हा मी त्यांची फाइल उघडली. माझं सर्टिफिकेट सगळ्यात वर होतं.

तरी मी मनाची समजूत घातली, विसरले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता कॉलेज गाठलं. फाटकावर पोलिसानं माझी पर्स उलटी करून बघितली. खिडकीतून सर्टिफिकेट आत सरकवलं, तर क्लार्क माझ्याकडे बघतच राहिले.

"बेटा, फॉर्म तो तेरे पापाजी कल ही वापस ले गए. सीट छोड़ दी, लिखके दिया है."

मी रडले नाही, इतकी संतापले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझा नंबर कुणाच्या तरी पुढे लागला होता आणि तो माझ्या बापानंच खोडला होता.

दुपारी बाबा जेवायला आले. मी त्यांच्या ताटासमोर सर्टिफिकेट ठेवलं आणि फक्त "का?" एवढंच विचारलं.

त्यांनी सारवासारव केली नाही. "एकोणपन्नास टक्क्यांना पहिल्या यादीत जागा का मिळते, माहितीय? तुझ्याहून जास्त मार्कांची पोरं आईबापांनी इथून बाहेर पाठवलीत. मी ऑफिसात चौघांना विचारलं. ते आईबाप काय वेडे आहेत?"

"मग तुम्ही आणि आई?"

"बदली माझी झालीय," ते म्हणाले. "आई मला सोडून जायची नाही. तुला पाठवता येतं, तर पाठवतोय."

आई पोळी वाढायला आली होती. तिनं सर्टिफिकेट बाजूला सरकवून पोळी वाढली, म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

आठवड्याभरात माझी सांगलीला आत्याकडे रवानगी झाली. तिथल्या कॉलेजांनी अर्थातच मला दारात उभं केलं नाही. ते वर्ष मी घरीच काढलं, आणि बाबांवरचा राग तसाच धरून ठेवला. पण सकाळी पेपर पडल्याचा आवाज आला की मी आत्याच्या आधी धावायचे. चंदीगढची बातमी असली की त्यातली मेलेल्यांची नावं एकेक करून वाचायचे, आणि मगच तिला चहा टाकू का म्हणून विचारायचे.