दार उघडलं की थांबणारी गाडी

मुलुंड पूर्वेच्या ज्या सोसायटीत बॉनेटवर धूळ बसली तरी लोक वॉचमनला फैलावर घेतात, तिथे मृणालिनी खांबेट्यांची लष्करी लिलावातली जुनी जीप वर्षानुवर्षं चिखलाने माखलेली उभी असे. बाई विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. नवरा श्यामकांत, त्यांना गाडी चालवता येत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. रविवारी सकाळी बाई जीपवाल्यांच्या ग्रुपबरोबर बदलापूरच्या पलीकडे ओढ्यानाल्यांत जीप घालायला जात आणि जेवायला घरी परतत. हे वेड कुठून लागलं असं कुणी विचारलं, की म्हणत, तुम्हाला शेअर बाजार कुठून लागला ते आधी सांगा.

मग डावा गुडघा गेला. त्या जीपचा क्लच दाबायचा म्हणजे पायाने पाटा सरकवण्यातला प्रकार. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, ते बाईंनी लांबणीवर टाकलं आणि मुलीच्या, स्वरदाच्या, आग्रहाखातर घाटकोपरच्या एका शोरूममधून चारही चाकांना जोर देणारी नवी ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर घेतली. जीप ताडपत्रीखाली गेली.

नव्या गाडीत क्लच नव्हता, फोर-व्हील लावायचा दांडाही नव्हता. त्या जागी एक गोल खटका आणि त्यावर चिखल, वाळू, बर्फ अशी चित्रं. मुलुंडला बर्फ कुठे पडतो, असं बाईंनी शोरूममधल्या प्रांजलला विचारलं. तो हसला आणि सीटमधून गार हवा कशी येते ते दाखवू लागला.

त्या गाडीशी बाईंचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. रिक्षा जवळून गेली की ती किंचाळायची, आणि एलबीएस रोडवर रिक्षा जवळून जात नाही असा क्षण नसतो. एकदा समोरून प्लास्टिकची पिशवी उडाली, तर तिने आपण होऊन ब्रेक मारला. मागच्या टेम्पोवाल्याने बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"चालवणारा बिनडोक आहे असं धरूनच बनवलीय," घरी येऊन त्या म्हणाल्या.

एसी मात्र छान आहे, असं श्यामकांतांचं मत पडलं.

ग्रुपमध्येही आता बहुतेकांकडे असल्याच गाड्या होत्या. नितेश हा ग्रुपचा म्होरक्या. एके काळी चाकाखाली दगड लावायला गुडघाभर पाण्यात उतरणारा हा माणूस आता गाडी किती अंशात कललीय ते पडद्यावर बघायचा आणि त्याचा फोटो काढायचा. बाईंना त्याची कीव यायची, तीही फार नाही.

पावसाळा सरता सरता ग्रुप एका ओढ्यावर गेला. काठाचा चढ निसरडा होता. बाई जेमतेम सरकत वर निघाल्या. चाक कुठे पडतंय हे दार उघडून, बाहेर वाकून बघायची त्यांची जुनी सवय. त्यांनी पट्टा काढला आणि दार उघडलं. बाई उतरायला निघाल्या असं गाडीने परस्पर ठरवलं, स्वतःला पार्क गिअरमध्ये टाकलं आणि हँडब्रेक लावला. भर चढावर चाकं जाम झाली. गाडी तशीच चिखलावरून मागे घसरत बाभळीच्या झुडपात जाऊन बसली. बाईंना खरचटलं नाही, पण मागचा बंपर फुटला. पडद्यावर अक्षरं उमटली, की दार उघडं आहे.

नितेश धावत आला. "काकू, दार उघडायचं नाही ना. समोर कॅमेरा दिलाय की."

"कॅमेऱ्यावर चिखल आहे, नितेश. माझ्या डोळ्यांवर नाही."

दुसऱ्या दिवशी त्या शोरूममध्ये गेल्या आणि हे काय ते बंद करून द्या म्हणाल्या. प्रांजलने सांगितलं, की ते तुमच्याच सेफ्टीसाठी आहे, बंद होत नाही. वर समजूत काढायला म्हणून हेही सांगितलं, की आमची बहुतेक गिऱ्हाइकं फोर-व्हील कधी लावतच नाहीत, त्यांना ते मागच्या दारावर लिहिलेलं आवडतं. बाईंनी बाहेरच्या चकचकीत रांगेकडे पाहिलं. त्यातली एकही जन्मात फूटपाथच्या वर चढणार नव्हती. भांडण्याच्या लायकीचं तिथे कुणी नव्हतं, म्हणून त्या निघून आल्या. मग त्यांनी डॉक्टरांना फोन केला.

इतके दिवस टाळलंत, आता अचानक कसं काय, डॉक्टरांनी विचारलं.

"क्लच दाबायचाय," बाई म्हणाल्या.

स्वरदा चिडली. "आई, गाडी पटली नाही म्हणून कुणी गुडघा बदलतं का?"

"गुडघा निदान बदलून मिळतो गं. त्या गाडीत काहीच बदलून मिळत नाही."

ऑपरेशन झालं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या तेजलने बाईंना महिनोन्‌महिने रडवलं. नवी गाडी स्वरदाने ऐरोलीच्या ऑफिसला न्यायला घेतली. तिला ती फार आवडली. ज्याची त्याला मिळाली, एवढंच बाई म्हणाल्या. ग्रुप त्यांनी सोडला. नितेशने हात जोडल्याचं चित्र पाठवलं, त्याला उत्तर दिलं नाही.

एका रविवारी जीप निघाली. शेजारी श्यामकांत, दोन्ही हातांनी समोरची आधाराची दांडी घट्ट धरून. त्याच चढावर अर्ध्यात जीप बंद पडली. बाईंनी ती रिव्हर्समध्ये सावकाश खाली आणली आणि पुन्हा चढवली. पुन्हा बंद पडली. तेव्हा त्यांनी सावलीला उभी करून थालीपिठाचा डबा उघडला.

"नाही जमलं?" श्यामकांतांनी जपून विचारलं.

"नाही. क्लचवर माझा पाय उशिरा पडला," बाई म्हणाल्या. कित्येक दिवसांत त्या इतक्या खूश दिसल्या नव्हत्या. "पुढच्या रविवारी परत येऊ."

पुढच्या रविवारी मॅच आहे, असं श्यामकांतांनी सांगून पाहिलं.