रांगेत मेलेले साठजण

आमचा वर्डेलमामा एकदा मेला होता, तोही पॅनकेक उलटता उलटता.

सत्तावन्न साल. अमेरिकेत, केंटकीतल्या लष्करी छावणीत मामा भटारखान्याचा सार्जंट. हाताखाली सक्तीच्या भरतीतून दोन वर्षांसाठी आलेली पोरं, ज्यांना पाणीही धड उकळता येत नव्हतं. युद्ध नव्हतं, पण अणुबॉम्ब होता. म्हणून फौज नव्याने शिकत होती: पांगा, खड्ड्यात राहा, घोळका करू नका.

युद्धसरावाच्या दुसऱ्या सकाळी साठजण ताटल्या घेऊन मामापुढे रांगेत उभे होते. तेवढ्यात दंडाला पांढरी पट्टी बांधलेले सरावाचे पंच आले, मेजर प्रॉसर. बोलणं सगळं नाकातून.

"सार्जंट, बॉम्ब पडला. ही रांग मेली."

"बरं साहेब. मेलेल्यांना पॅनकेकवर पाक वाढू का नको?"

"तुम्हीही मेलात."

साठ गळ्यांत 'मृत' लिहिलेल्या चिठ्ठ्या पडल्या, एकसष्टावी मामाच्या. संध्याकाळी कर्नलचा हुकूम आला: यापुढे सरावात चूल नाही, डब्यातलं गारच खायचं.

मामाला ते फार लागलं. तो तडक कर्नलपुढे उभा राहिला. "माझा बाप कोळशाच्या खाणीतून वर यायचा तो गरम ताटासाठी, साहेब. ही पोरं खड्ड्यात बसणार, त्यांना गार चारू? एक सराव द्या. रांग दिसली तर चूल मीच विझवीन."

"एकच," कर्नल म्हणाले.

मामाने भटारखान्याचे पाच तुकडे केले. पाच चुली, पाच आचारी, एकमेकांपासून मैलभर लांब. गरम अन्न जाड पत्र्याच्या बंद पिंपांतून खड्ड्यापर्यंत जायचं. शिकागोच्या झिलिन्स्कीने अकरा वेळा घेवडा करपवला.

"झिलिन्स्की, हा कोळसा आहे! बापाने चाळीस वर्षं खणला, मला ओळखू येतो. बारावं पातेलं चढव."

तेराव्याला जमलं. पण रंगीत तालमीत पिंप पोचलं मात्र, पोरं खड्ड्यांतून निघाली आणि एकामागे एक उभी राहिली!

"गाढवांनो, रांग लावायला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही, सार्जंट. पुढे एकजण उभा होता."

त्यांचा तरी काय दोष? भरतीच्या दिवसापासून केस कापायला रांग, सुई टोचायला रांग, बुटांना रांग. मामाने ओगराळं उचललं. जो दुसऱ्याच्या पाठीमागे उभा राहील त्याच्या हेल्मेटवर ठण्ण! तीन आठवडे रान घुमत होतं. मग ठणठणाट थांबला.

ऑक्टोबरात सराव झाला. मेजर प्रॉसर दोन मदतनीस पंचांना, एका कॅप्टनला आणि एका लेफ्टनंटला, घेऊन पहाटेपासून रान तुडवत होते. पोरं आपापल्या खड्ड्यांत गरम जेवत होती. रांग म्हणून कुठे नाही. दुपारी ओकच्या झाडाखाली आपल्या चुलीपाशी एकटा झिलिन्स्की सापडला.

"रांग कुठाय?"

"नाही साहेब."

मेजरनी पातेल्यात डोकावलं. "वास... बराय."

"घ्या ना साहेब. मक्याचा पावपण आहे."

मेजरनी ताटली धरली. त्यांच्यामागे कॅप्टन उभा राहिला. कॅप्टनमागे लेफ्टनंट.

तेवढ्यात झाडाआडून मामा आला, खिशातून आपलीच जुनी 'मृत' चिठ्ठी काढली आणि मेजरच्या गळ्यात घातली.

"साहेब, बॉम्ब पडला."

मेजरनी मागे वळून पाहिलं. मग नाकातूनच म्हणाले, "सार्जंट, मेलेल्यांना घेवडा मिळतो का?"

"गरम मिळतो साहेब. कर्नलसाहेबांना तेवढं कळवा."

एका हाताने खात, दुसऱ्या हाताने मेजरनी तिथेच लिहिलं: चुली राहू द्याव्यात. पाचही.