सतरावा मेंदू

ओतिलियाला मेंदूची किळस कधी आली नाही. न बघता सही ठोकणाऱ्यांची मात्र यायची. माँटेव्हिडिओच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं तिने मेंदूचे स्कॅन एकेक करून डोळ्यांनी तपासले. मग तेच काम तिने संगणकाला शिकवलं: कवटी वगळायची, मेंदू मोजायचा, सगळं ठीक असेल तर हिरवी खूण करायची. "खूण आली तरी स्कॅन उघडून बघा," हे ती घसा कोरडा होईस्तोवर सांगायची.

एकदा तिथलेच डॉक्टर सागास्ती काखेत थर्मास मारून आले. "दोनशे निरोगी मेंदू, ओती! शोधनिबंध पाठवूनही दिला."

तिने सतरावा स्कॅन उघडला. स्कॅनचं यंत्र नीट चालतंय का ते तपासायला आत ठेवतात, तो पाण्याचा गोळा!

"हा मेंदू?"

"पण खूण हिरवी होती ना!"

"शी! मग तुमचंही डोकं घाला यंत्रात. पाणी पास झालंय, तुम्हीही व्हाल."