योसेफाचं ताट

आंटीने माझ्या पोराला खुर्चीवरून उचललं आणि ती बाथरूमकडे चालायला लागली, तेव्हा माझा घास हातातच राहिला. मी अर्धी उठले.

"आंटी, द्या, मी नेते ना!"

"बस गं तू! आज ताटावरून उठायचं नसतं तुम्ही तिघांनी. येशूबाळाची शू पण मीच करवणार. सेवा आहे ती."

सेवा!  आंटीच्या कडेवर होता तो मुलगा नव्हताच. माझी तीन वर्षांची मुलगी होती ती. आदल्या दिवशी मीच दिवा स्टेशनजवळच्या आमच्या खोलीत बसून कात्रीने तिचे केस भादरलेले, शेजारणीकडून हाफ पँट मागून आणलेली. ह्यांच्याकडे बघितलं तर हे ताटात बघत बसलेले, सुरमईच्या तुकडीला हात न लावता.

संत योसेफाच्या सणाची ही रीत आहे आंटीच्या घरात. एक गरीब पुरुष, एक बाई, एक लेकरू बोलवायचं, योसेफ, मरिया, येशू म्हणून टेबलावर बसवायचं, आधी त्यांना वाढायचं. त्यांची ताटं रिकामी झाल्याशिवाय घरच्यांनी खायचं नाही, भोवती उभं राहून प्रार्थना करायची. ऐकायला किती चांगलं वाटतं ना? एकदा बसून बघा तिथे. सात-आठ माणसं तुमच्या तोंडाकडे बघतात. काटा कसा काढता, बोटं चाटता की नाही. ह्यांच्या नखांत लाकूड चिकटवायचा सरस अडकलेला असतो, कितीही घासलं तरी निघत नाही. आंटीच्या सुनेने ते बघितलं आणि नाकाला पदर लावला. भिंतीवरच्या फोटोत योसेफ हातात रंधा घेऊन उभा होता, त्याची नखं मात्र गुलाबी, साहेबासारखी.

आमचे हे सुतार. कल्याणला फर्निचरच्या कारखान्यात. मी डोंबिवलीत आंटीकडे धुणंभांडी करायची. सातवी शिकलेली मी, पण योसेफाचं मला पाठ आहे, लहानपणी गावाकडे सिस्टर सांगायची. मरियेला दिवस गेलेले, बाळ ह्याचं नव्हे. हा गुपचूप तिला सोडून देणार होता. मग स्वप्नात देवदूत आला, आणि हा उठला, तिला घरी घेऊन आला. राजा पोरं मारत सुटला तर दोघांना घेऊन मिसर देशात पळाला, परक्या गावात लाकूड तासून त्यांना जगवलं. आणि एवढं करून पवित्र पुस्तकात त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. एक पण नाही. आता त्याच्या नावाच्या शाळा आहेत, दवाखाने आहेत, कामगारांचा संत म्हणतात, चांगलं मरण यावं म्हणून पण त्यालाच विनवतात.

माझं पण तसंच आहे. पोर ह्यांची नाही. पहिला माणूस मला टाकून गेला तेव्हा ती चार महिन्यांची होती. ह्यांनी तिच्यासकट मला केली, बाप्तिस्म्याच्या वहीत बाप म्हणून आपलं नाव लावलं. हे मी कोणाला सांगायचं नव्हतं. पण भांडी घासता घासता मी आंटीला सांगून बसले, तिला माझी दया यावी म्हणून. का? तर आंटीच्या बिल्डिंगच्या मागे तिची एक खोली रिकामी होती. नळ घरात! दिव्याला टँकरचं पाणी पिऊन पोरीला दोनदा कावीळ झालेली. डॉक्टर बोलला, "पाणी बदला, नाहीतर तिसऱ्यांदा माझ्याकडे आणू नका." मला ती खोली पाहिजे होती, बस.

आंटी ऐकून टाळ्या वाजवायला लागली. "अगं, हा तर अगदी योसेफच! ह्या सणाला तुम्हीच बसायचं. सुनेला दिवस गेलेत, नातवासाठी नवस बोललेय मी. बाळ मुलगाच आहे ना गं?"

तिने माझ्या लेकराला कधी बघितलेलं नव्हतं. मी मान हलवली.

"हो बोल की तोंडाने."

"हो आंटी."

"मग सण झाला की खोलीची किल्ली घेऊन जा."

घरी हे ऐकून ह्यांनी फक्त विचारलं, "आणि कळलं तर?" मी बोलले, "जेवायला किती वेळ लागतो?"

बाथरूममधून आंटीची किंकाळी आली. प्रार्थना बंद पडली. ती बाहेर आली ती पोरीचा दंड धरून. पँट घोट्यापर्यंत, ओली, आणि पोर सगळ्यांसमोर तशीच उघडी.

"हे काय आहे? हे काय आणलंस माझ्या घरात?"

आणि सगळे बघायला लागले. मोठी मोठी माणसं, हातात जपमाळा, आणि तीन वर्षांच्या पोरीला तिथे बघतात.  सून रडायला लागली, "मम्मी, आता मला मुलगीच होणार!" जशी काय माझी पोर म्हणजे कसला रोग.

आंटी ह्यांच्याकडे वळली. "आणि तू! लोकाची घाण उरावर घेऊन वर खोटं बोलायला आलास?"

परवापर्यंत त्याच गोष्टीला ती टाळ्या वाजवत होती.

हे उठले. हात न धुता पोरीला उचललं, आपल्या शर्टात गुंडाळलं आणि दाराबाहेर गेले. 

मी पण उठले. खरंच उठले. पण आंटीला नवसाचं पडलेलं. "तू कुठे चाललीस? वाढलेलं ताट टाकलंस तर नवस फुकट जाईल. बस. खालच्या मजल्यावरून मुलगा आणते. किल्ली पाहिजे ना?"

मी जिन्याकडे बघितलं. पोर रडत होती, "आई, आई." मी बसले.

खालच्यांचा पाच वर्षांचा मुलगा आणून माझ्या शेजारी बसवला. त्याच्या नाकातून शेंबूड, पण मुलगा ना! सगळे त्याच्या पाया पडले. ह्यांची खुर्ची रिकामी राहिली, तर आंटीने देव्हाऱ्यातला योसेफाचा पुतळा आणला आणि खुर्चीवर उभा केला, समोर ह्यांचंच ताट. परत प्रार्थना सुरू. पुतळा बरा. त्याच्या नखांत काही नसतं.

पण ताटं रिकामी झाली पाहिजेत. मुलाने खीर खाल्ली, बाकी ढकललं. ते मी खाल्लं. माझं खाल्लं. मग आंटी बोलली, "योसेफाचं कोण खाणार?" आणि ह्यांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. कालवणावर थंड तेलाची साय धरलेली. मी खात होते आणि बाहेर जिन्यावर पोरीचं रडणं कमी कमी होत गेलं. शेवटचा घास गिळला आणि आंटीने माझ्या हातात किल्ली ठेवली, उष्ट्या हातातच.

आता आम्ही त्या खोलीत राहतो. नळ आहे. पोरीचे पिवळे डोळे पांढरेशुभ्र झालेत, भूक लागते तिला. हे तिला पोटाशी घेऊन झोपतात, माझ्याकडे पाठ. वरून आंटीने काही खायला पाठवलं तर त्याला हात लावत नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. आणि सुनेला नववा लागलाय. तिकडे जोरात दार वाजलं तरी मला धस्स होतं. मुलगी झाली तर माझ्याच पोरीचं नाव निघणार, खोली जाणार, आणि परत तो टँकर.

मला माझीच किळस येते, आंटीपेक्षा जास्त. पण तुमच्यातली कोणी आई असेल तर तिने मला सांगावं. पोर ओली, बापाच्या शर्टात गुंडाळलेली, जिन्यावर रडतेय, आणि तिच्याच पाण्याची किल्ली समोरच्या बाईच्या मुठीत आहे. उठला असतात, की बसला असतात? तुम्ही काय केलं असतं?