शमुवेलचा माफीचा अर्ज

ही गोष्ट माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोसमोर दोनदा सुरुवात केली होती. एकदा खांडबाऱ्याच्या स्टेशनावर, गाडी लेट होती तेव्हा. आणि एकदा तिच्या वडिलांच्या दहाव्याहून परत येताना. दोन्ही वेळा चार शब्द बोललो आणि मग — पाऊसपाण्यावर आलो. तिला वाटलं असेल, याला एवढंच म्हणायचं होतं. कागदाला निदान डोळे नसतात. म्हणून लिहितो आहे.

मी डोंगरताराचा माणूस. खांडबाऱ्यापासून आत, जिथल्या शाळेत मी क्लार्क म्हणून लागलो त्या गावचा डोंगरतारा हा फुटबॉल क्लब. आमच्याकडे, म्हणजे लोणखेड्याच्या बाजूला, केळी-उसाच्या मुलखात, पोरं क्रिकेट खेळतात. इकडे नवापूर तालुक्यात भात कापून झालं की वावरं मोकळी होतात आणि त्या वावरांत फुटबॉल सुरू होतो. नाताळात टुर्नामेंट. पहिलं बक्षीस बोकड. जिंकणाऱ्या गावात त्या दिवशी सगळ्यांचं जेवण, हरणाऱ्या गावात वर्षभर टोमणे.

माणूस एखाद्या क्लबचा कायमचा कसा होतो? मी या प्रश्नाचा फार विचार केला आहे, आणि लवकरच कळेल का ते. आमच्यातला एक म्हातारा सांगतो, त्याचं घर गोलच्या मागे, चेंडू लागून कौलं फुटायची. भांडायला म्हणून मैदानावर गेला तो तिथलाच झाला. एकाची बायको या गावची — सासरवाडीत पत ठेवायची तर दुसरा इलाज नव्हता, म्हणतो. बाकी बहुतेकांचे बाप खेळलेले. त्यांना कुणी विचारतच नाही. मला मात्र सगळे विचारतात. पाटील माणूस, सपाटीवरचा, धड चेंडू लाथाडता येत नाही — तुम्हाला हे वेड कुठून लागलं, भाऊसाहेब?

मी उत्तर देत नाही. द्यावं लागत नाही. माझ्या वतीनं बाकीचे सांगतात, आणि ते जे सांगतात त्यातच माझा गुन्हा आहे.

अठ्ठावीस वर्षं झाली. नोकरीला लागून मला पाच महिने झाले होते. इथल्या टुर्नामेंटची एक रीत अशी, की लाइनमन म्हणून झेंडा धरायला गावचा किंवा नात्यातला माणूस घ्यायचा नाही. बाहेरचा हवा, म्हणजे कुणाची बाजू घेणार नाही. मी इतका बाहेरचा होतो की माझी निवड आपोआप झाली. खेळ येतो का, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नियमांचं एक पातळ पुस्तक आदल्या दिवशी चाळलं. पांढरी पँट घातली. काठीला लाल फडकं बांधून चुन्याच्या फक्कीच्या रेषेबाहेर उभा राहिलो — आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. तीन-चारशे माणसं आणि माझ्या हातात झेंडा.

फायनल. डोंगरताराचा सेंटर फॉरवर्ड शमुवेल. वीस वर्षांचा, बारीक, वळायचा असा की समोरचा भलतीकडेच धावत सुटायचा. जिल्ह्याच्या संघासाठी त्याचं नाव गेलेलं होतं, जानेवारीत निवड व्हायची होती. डोंगरतारा एका गोलनं मागे, शेवटची काही मिनिटं राहिली असताना मागून लांब पास आला, शमुवेल बचाव तोडून पुढे निघाला आणि त्यानं गोल केला. मी झेंडा वर केला. ऑफसाइड.

ऑफसाइड नव्हता. पास मारतानाची जागा बघायची असते. मी पास पोचल्यावरची बघितली. हे मला कधी कळलं? — रेफरी माझ्याकडे चालत येत होता तेव्हाच. पुस्तकातलं ते पान डोळ्यांसमोर आलं. त्यानं विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

तुम्ही म्हणाल, चूक आहे, होते. मीही स्वतःला अनेक वर्षं तेच सांगत आलो. पण मला कबूल करायचं आहे ते हे नाही.

शमुवेल धावत माझ्याकडे आला. ओरडत नव्हता; हात पसरून विचारत होता. मी घाबरलो, मागे सरकत गेलो. मागे भाताच्या वावराचा बांध होता. टाच अडकली आणि मी उताणा पडलो, पलीकडे, जिथे पाणी साचून चिखल झाला होता. सगळं मैदान हसलं. अजून ऐकू येतं मला ते. लहान पोरं, बाया, माझ्या शाळेचे शिपाई. शमुवेल एकटा हसला नाही. मी पडताना त्यानं मला धरायला हात पुढे केला होता. माझ्या सदऱ्याची बाही त्याच्या बोटांतून निसटली — हे मला इतकं स्वच्छ आठवतं, की विसरलो असं म्हणायची सोय नाही.

समितीचे एक वजनदार गृहस्थ मला उठवायला आले. पँट झटकता झटकता म्हणाले, धक्का दिला ना त्यानं?

लांबून तसंच दिसलं असणार. पुढे केलेला हात, पडलेला माणूस. मला फक्त नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं असतं तर मी कोण ठरलो असतो? स्वतःच्याच पायात अडकून चिखलात पडलेला क्लार्क. हो म्हटलं तर — मारहाण झालेला सरकारी माणूस. मी हो म्हटलं. त्यांनी लेखी मागितलं. मी लेखी दिलं. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. ‘सदर खेळाडूने माझ्या अंगावर धावून येऊन मला जोराने धक्का दिला.’ जी माणसं घरी मावची बोलतात, बाजारात अहिराणी, त्यांच्यात अशा वाक्यापुढे कोण काय बोलणार? डोंगरतारा हरला. बोकड पलीकडच्या गावानं नेला. शमुवेलवर दोन वर्षांची बंदी आली आणि जिल्ह्याच्या यादीतलं नाव अडकलं.

इथवर आलो की मी नेहमी थांबतो. मनातसुद्धा. कारण अजूनही ती गोष्ट आलेली नाही. आता सांगतो.

तीन-चार दिवसांनी, शाळा सुटायच्या आधी, शमुवेल ऑफिसात आला. मला वाटलं भांडायला आला. तो दारात चपला काढून उभा राहिला. बंदी उठवावी म्हणून समितीला अर्ज द्यायचा होता, आणि गावात अर्ज लिहिणारा माणूस मीच. रेशनकार्डाचा, दाखल्याचा, विहिरीचा — सगळ्या गावाचे अर्ज माझ्या हातचे. ज्या हातानं त्याला बाहेर काढलं त्याच हाताकडे तो आला होता, कारण दुसरा हात नव्हता. त्याच्या तोंडावर राग शोधला मी. नव्हता. मी खरं काय ते लिहीन, अशीच त्याची समजूत होती. मी स्वतःच पडलो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? मलाच ना?

मी फूलस्केप घेतला. खरं लिहायची ती वेळ होती. पाच ओळींचं काम. माझा जबाब चुकीचा होता, मी स्वतः पडलो, खाली सही. पण तसं लिहिलं तर आधीचा कागद खोटा ठरणार, नोकरी नवी, वर हसणं पुन्हा सुरू. मी लिहिलं — त्याच्या नावानं, ‘मी’ म्हणून लिहिलं — की माझ्या हातून रागाच्या भरात लाइनमनला धक्का देण्याची चूक घडली, मला पश्चात्ताप होत आहे, पुन्हा असे घडणार नाही, तरी क्षमा असावी.

शमुवेल दहावी झालेला होता. त्यानं वाचलं. सावकाश, ओठ हलवत. मग म्हणाला, “मी तं धक्का दिधा नही, भाऊसाहेब. मंग आठे असं काब्र लिखं?”

मी घरी अहिराणी बोलणारा माणूस. त्याच्याशीही अहिराणीतच बोलायचो. पण त्या वेळी शुद्ध मराठीत बोललो. म्हटलं, “अर्जात असंच लिहावं लागतं.”

त्यानं मान डोलावली. ‘आपला विश्वासू’, ‘कृपाभिलाषी’ असं काहीतरी लिहायचंच असतं, तसंच हेही असेल, असं त्याला वाटलं असावं. अर्जाची एक रीत असते आणि ती भाऊसाहेबांना माहीत असते. त्यानं सही केली. मला पेन परत दिलं, टोपण लावून.

हे मी केलं आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. समितीनं बंदी दोन वर्षांची एक वर्ष केली. जिल्ह्याच्या यादीची वाट मात्र बंद झाली, कारण आता खेळाडूचा स्वतःचा लेखी कबुलीजबाब होता. पुढच्या वर्षी तो त्या संघाच्या वयात बसेना. घरच्यांबरोबर तो गुजरातला ऊसतोडीला जाऊ लागला. डिसेंबरात टुर्नामेंट असायची तेव्हा तो बारडोलीकडे कोयता चालवत असायचा.

आणि माझं काय झालं? माझं कौतुक झालं. अर्ज माझ्या अक्षरात आहे हे समितीनं ओळखलं आणि गावभर झालं — ज्यानं मार खाल्ला त्यानंच पोरासाठी माफीचा अर्ज लिहून दिला. केवढं मन. डोंगरताराची माणसं घरी आली. कोंबडा घेऊन आली. तेव्हापासून मी त्यांचा.

तुम्हाला वाटत असेल, नंतर तरी मी मैदानावर प्रेमानं जात असेन. नाही. पहिली काही वर्षं मी पाळतीवर जायचो. कुणी काय बोलतं, कुणाला काय आठवतं, कुणी त्या बाजूला उभं राहून माझी टाच बांधाला अडकताना बघितली होती का — हे कान देऊन ऐकायला. एक मॅच चुकवायचो नाही, कारण मी नसताना खरं निघालं तर? लोक म्हणायचे, काय वेड आहे माणसाला. मग कधीतरी, कळलं नाही केव्हा, मी खेळ बघू लागलो. नावं पाठ झाली. कोण डावखुरा, कुणाचा गुडघा दुखतो. क्लबची नोंदणी, मैदानाची परवानगी, सगळे कागद मी केले. हरलो की मला दोन दिवस जेवण जात नाही, आणि हे नाटक नाही. मुलीच्या साखरपुड्याला पाहुण्यांची पंगत बसवून मी सेमीफायनलला निघून गेलो होतो, ते बायकोनं अजून माफ केलेलं नाही. मग हे प्रेम खरं की खोटं? मला ठरवता येत नाही. ज्याच्या जिवावर मला हा क्लब मिळाला त्याचाच क्लब मी काढून घेतला, एवढं ठरवता येतं.

शमुवेल आता गावातच असतो. सहा सीटर चालवतो. मॅचच्या सकाळी मैदानावर फक्की मारायला तोच येतो, रेषा त्याच्यासारखी सरळ कुणाला येत नाही. माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवतो. नको म्हटलं तरी ऐकत नाही.

इतकी वर्षं मला एक आधार होता, तोही सांगून टाकतो. त्याला तरी खरं माहीत आहे, असं मी धरून चाललो होतो. जगात दोघांना माहीत आहे, मी एकटा नाही — यातसुद्धा माणसाला आडोसा मिळतो. गेल्या नाताळात तो आधारही गेला.

मॅच संपल्यावर एका तरण्या खेळाडूनं रेफरीशी हुज्जत घातली. शमुवेलनं त्याला बाजूला घेतलं. मी खुर्चीत, दहा पावलांवर. तो त्याला समजावत होता, “तवय मीबी भलता तापट व्हतू. या भाऊसाहेबले ढकली दिधं मी. तरीबी त्यासनीच मन्हा अर्ज लिखी दिधा.” पोरगा म्हणाला, खरंच ढकललं का? शमुवेल खाली बघत हसला, शरमल्यासारखा. म्हणाला, ढकललं म्हणजे काय, चिखलात पडले ते.

तो मला बरं वाटावं म्हणून बोलत नव्हता. मी ऐकतो आहे याकडे त्याचं लक्षही नव्हतं. सही केलेला कागद, वर्षानुवर्षं गावानं सांगितलेली गोष्ट — त्याला आता तसंच आठवतं. माझा सदरा धरायला पुढे केलेला हात त्याच्या आठवणीत धक्का झाला आहे. आणि त्या धक्क्याची लाज तो अठ्ठावीस वर्षं बाळगतो आहे, माझ्यासाठी खुर्ची धरतो आहे.

मी उठलो, घरी आलो, त्यालाही आता काही महिने झाले.

गोल खरा होता. शमुवेलनं मला धक्का दिला नव्हता, मी पडत होतो आणि तो मला धरत होता. हे त्याला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.