पिवळा रंग
रंगपंचमीला पळसाची फुलं उकळल्याचा वास आला की आजही मी खिडकी लावून घेतो. आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या त्या खोल हौदात, मित्रांना हसवायला मी घरचं कुत्र्याचं पिल्लू छातीशी धरून उंच काठावरून उडी घेत धप्पा मारला. वर आलो तेव्हा त्याचा मागचा पाय लोंबत होता. रहाडीची पूजा वडिलांच्या हातची. तिच्यात कुत्रं नेलं हे कळलं असतं तर त्यांना गल्लीत तोंड दाखवता आलं नसतं. म्हणून आधी मी त्याला नळाखाली धरलं, ते केकाटत असताना मोडक्या पायासकट चोळून पिवळा रंग काढला आणि मगच जनावरांच्या दवाखान्यात नेलं. "कशाखाली आलं रे?" डॉक्टरांनी विचारलं. "सायकलच्या." "मग प्लास्टर पुरे. उंचावरून पडलं असतं तर खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं असतं. नक्की सायकलच ना?" "हो, साहेब." पाय कायमचा लुळा राहिला. पुढे कितीतरी वर्षं, मी नळ सोडला की तो कुत्रा पाय ओढत यायचा आणि चोळून घ्यायला माझ्यापुढे बसायचा. वडील कौतुकाने म्हणायचे, "बघ, तुझ्यावर किती जीव आहे त्याचा!" मी खाली मान घालून चोळत राहायचो. आता वडील नाहीत, म्हणून हे लिहू शकतोय.