काळं कुठं, पांढरं कुठं

आमच्या लातूरच्या कलर लॅबमध्ये बिघडलेल्या प्रिंटा टाकायला एक खोका होता. आठवड्याला भरायचा, आठवड्याला रिकामा व्हायचा. प्रिंटा रद्दीत गेल्या, किस्से मात्र माझ्याकडेच राहिले. कोणी फोटोचं नाव काढलं की एकामागून एक निघतात, मग मला आवरणं अवघड!

भूकंपाला दहा-बारा वर्षं झाली होती आणि गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघत होते, तेव्हाची गोष्ट. मालक शिवप्पाशेठनी लॅबमध्ये डिजिटल मशीन आणलं. कॉम्प्युटरवर मी, विलास. आणि हमीदभाई? त्यांची वीस वर्षं डार्करूममध्ये गेलेली. शेठनी सांगून टाकलं, "मशीन सगळं आपोआप करतंय म्हणं. दोन महिने बघू. खरंच करत असंल तर हमीदभाई, तुम्ही काउंटरवर पाकिटं भरा."

हमीदभाई स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. "विलास, फोटोत सगळ्यात काळं कुठं अन् सगळ्यात पांढरं कुठं, एवढं दोनच ठरव. मधलं आपसूक जाग्यावर येतंय."

मला ते तेव्हा फार जुनाट वाटलं.

*

शिरूर अनंतपाळचं लग्न. नवरदेव काळ्या कोटात, मागं गडद पडदा. मी काळा असा ठासून भरला की स्क्रीनवर फोटो नुसता चमकत होता. प्रिंट आली, तर कोट पडद्यात गडप आणि नवरदेवाचं मुंडकं हवेत!

"अरे बाबा, स्क्रीनला मागून दिवा हाय. कागदाला हाय का?" हमीदभाई म्हणाले आणि काळ्याची हद्द जराशी वर घ्यायला लावली. दुसऱ्या प्रिंटमध्ये कॉलर दिसली, खिसा दिसला, बटणं दिसली. त्यातलं एक वेगळंच होतं.

अल्बम न्यायला नवरदेवाचा एक दोस्त आला. हा लग्नाला नव्हता. पहिल्याच पानावर त्या बटणावर बोट ठेवून ओरडला, "आरं, हा तर माझा कोट! तीन महिने हुडकायलोय!"

शेठ खूष. "बघितलं? मशीन लई भारी हाय!"

*

एका क्लासच्या सरांना चौकात गुणवंतांचा बोर्ड लावायचा होता. तीस पोरांचे तीस स्टुडिओंतले फोटो. सरांची एकच अट, "सगळे गोरे करा." मी पांढरा ओढत गेलो. नमुना निघाला तर ओळीनं उकडलेली अंडी मांडलेली! एका वडिलांना स्वतःचा मुलगा सापडेना.

"पोराचं तोंड सोड, शर्ट धर," हमीदभाई म्हणाले. सगळ्यांचा युनिफॉर्म एकच, पांढरा. प्रत्येक फोटोत शर्टाची घडी दिसेल एवढाच पांढरा ठेवला. चेहरे आपापल्या रंगावर आले.

बोर्ड लागला. खाली उभी राहून एक आई शेजारणीला सांगत होती, "अभ्यास त्यानं केला, पण शर्ट मी धुतलेला हाय बरं!"

शेठ म्हणाले, "मशीन लई भारी हाय!"

आता मला राग यायला लागला. हमीदभाई नुसते हसायचे.

*

पुढं नांदेडहून, जिथं आमच्यापेक्षा मोठ्या लॅब, तिथून एक फोटोग्राफर बिलोलीच्या पाहुण्याला घेऊन आला. पाहुण्याची म्हैस प्रदर्शनात पहिली आली होती. नांदेडची प्रिंट पाहून तो म्हणाला होता, "म्हैस कुठाय? ही तर अमावस्या हाय!"

हमीदभाईंनी काळा शिंगाच्या टोकाला बांधला आणि अंग मोकळं सोडलं. पाहुण्यानं प्रिंट डोळ्याजवळ नेली. "आता तिच्या कानातली गोचीड बी दिसायली!"

शेठ: "मशीनचं नाव नांदेडपर्यंत गेलं!"

*

दोन महिने भरत आले होते. एका दुपारी शेठ कागदात गुंडाळलेला फोटो घेऊन आले. त्यांच्या आईचा. आई भूकंपात गेली, आणि हा एकच फोटो ढिगाऱ्यातून निघालेला, चिखलानं आणि पावसानं खाल्लेला. माझ्याकडं देत म्हणाले, "मशीनवर घाल."

मी घातला. मशीननं चिखलाचा डाग काळा धरला, कागद सोलला होता ती जागा पांढरी धरली. मधे आई होती तशीच धुरकट. तीनदा करून पाहिलं. शेठ खाली बघत राहिले. मला फार वाईट वाटलं.

हमीदभाईंनी स्टूल पुढं घेतलं. "शेठ, माँ भस्म लावायच्या का?"

"हौ. रोज. तीन बोटं."

"कुठवर?"

शेठनी स्वतःच्या कपाळावर बोटं ओढून दाखवली. हमीदभाई स्क्रीनला नाक लावून बराच वेळ बघत बसले. तीन पुसट रेघा होत्या. "विलास, हितं पांढरं धर."

"आणि काळं? केसात?"

"केस पिकले होते," शेठ म्हणाले.

"मग डोळ्याच्या बाहुलीत धर. ती काय पिकत न्हाई."

प्रिंट बाहेर आली. सुरकुत्या आल्या, हनुवटीवरचं गोंदण आलं, आणि म्हातारी सरळ आमच्याकडं बघायला लागली!

शेठनी चपला काढल्या. प्रिंट दोन्ही हातांनी उचलली. मग तिचं तोंड स्टुलाकडं वळवून म्हणाले,

"आई, हे आपले हमीदभाई."